स्पॉकचे कान कुणी चिकटवले?

‘स्टार ट्रेक’चं नाव निघालं की लोक अंतराळयानाबद्दल बोलू लागतात. मी कानांबद्दल बोलतो. त्यातल्या मिस्टर स्पॉक या पात्राचे ते वर निमुळते होत गेलेले कान १९६६ साली अमेरिकेत एक माणूस शूटिंगच्या दिवशी भल्या सकाळी एका नटाच्या खऱ्या कानांवर बसवत असे. त्या माणसाचं नाव आमच्या धंद्याबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही. फ्रेड फिलिप्स, रंगभूषाकार. आधी ‘द आउटर लिमिट्स’ या मालिकेसाठी चित्रविचित्र चेहरे करून मुरलेला गडी.

मी लालबागचा. हयात गेली मराठी नाटकांच्या रंगपटात. कुणाला म्हातारं करायचं, कुणाला टोप बसवायचा, कुणाच्या गालावर तलवारीचा व्रण काढायचा, हेच माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे समोर काहीही चालू असो, नजर आधी कपाळ आणि केसांच्या सांध्यावर जाते. टोपाची जाळी दिसतेय का, मिशीची कड सुटलीय का. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ लागायची, तेव्हा चाळीत ज्याच्याकडे टीव्ही त्याच्या खोलीत आम्ही सगळे दाटीवाटीनं बसायचो. बाकीची पोरं यान बघायची, मी जोड शोधायचो. त्या छोट्या पडद्यावर तो सापडणं शक्यच नव्हतं. पुढे डीव्हीडी आल्या, तेव्हा चित्र थांबवून थांबवून पाहिलं. मग कुठे कानाच्या पाळीजवळ, कुठे मानेकडच्या बाजूला एखादी सुरकुती दिसली. त्या सुरकुतीनं फिलिप्सबद्दलचा माझा आदर वाढलाच.

कारण हे काम काय असतं ते मला माहीत आहे. नटाच्या कानाचा साचा घ्यायचा, त्यावर मातीत नवा कान घडवायचा, मग त्या नव्या कानाचा साचा करून त्यात फोम रबर ओतायचं आणि भट्टीत भाजायचं. त्याची कड इतकी पातळ असावी लागते की स्पिरिट गमनं चिकटवून वर रंग चढवला की ती कातडीत मिसळून गेली पाहिजे. आणि कड पातळ म्हणजे ती काढताना फाटणार. एक जोडी फार दिवस टिकत नाही. स्पॉकचे पहिले कान बाहेरच्या एका कारखान्यातून करून आणले होते, ते इतके ओबडधोबड निघाले की फिलिप्सनं ते बाजूला ठेवले आणि एमजीएम स्टुडिओतल्या चार्ल्स श्रॅम या आपल्या ओळखीच्या कारागिराकडे स्पॉकचं काम करणाऱ्या लेनर्ड निमॉयला नेलं. कान जमले ते तिथे. भुवयांचं काम वेगळंच. निमॉयच्या भुवयांचा बाहेरचा भाग भादरून तिथे कपाळाकडे चढत जाणाऱ्या नव्या भुवया केस चिकटवून केल्या जात.

एवढं करून एनबीसी वाहिनीच्या विक्री विभागाला धडकी भरली. हा माणूस सैतानासारखा दिसतो, धर्मभोळ्या गावांतले प्रेक्षक टीव्ही बंद करतील, असं त्यांना वाटलं. जाहिरातीसाठी जे माहितीपत्रक छापलं, त्यातल्या फोटोत स्पॉकच्या कानांची टोकं आणि भुवया रंगाच्या फवाऱ्यानं गुळगुळीत करून टाकल्या. मालिका सुरू झाली आणि सर्वांत जास्त पत्रं आली ती स्पॉकला.

या मालिकेचा कर्ता जीन रॉडनबेरी. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानं चालवलेला, नंतर लॉस एंजेलिसच्या पोलीस खात्यात नोकरी केलेला आणि मग ती सोडून टीव्हीसाठी लिहिणारा. १९६४ मध्ये त्यानं ही कल्पना विकायला काढली, तेव्हा टीव्हीवर काऊबॉयच्या मालिकांची चलती होती. म्हणून त्यानं ती ‘वॅगन ट्रेन’ या लोकप्रिय मालिकेचं अंतराळातलं रूप म्हणून मांडली. घेतली कुणी, तर डेसिलू या तुलनेनं छोट्या स्टुडिओनं. त्याची मालकीण होती विनोदी नटी ल्युसील बॉल. तिच्या कंपनीतल्या हिशेबनीसांना हा खर्चाचा खड्डा नको होता, पण बाईनं माघार घेतली नाही.

पहिला नमुना भाग एनबीसीनं नाकारला. फारच डोक्याचा आहे, म्हणाले. पण मालिकेच्या धंद्यात क्वचितच होतं ते झालं. त्यांनी दुसरा नमुना मागितला. पहिल्यातला कप्तान जेफ्री हंटर गेला, विल्यम शॅटनर आला. दोन्ही नमुन्यांत टिकलेलं पात्र एकच, कानवाला स्पॉक. ८ सप्टेंबर १९६६ च्या गुरुवारी रात्री पहिला भाग लागला.

त्या नाकारलेल्या नमुन्यातली एक गोष्ट कुठल्याही रंगपटात सांगावी अशी आहे. त्यात हिरव्या कातडीची एक नर्तकी हवी होती. आधी मॅजेल बॅरेट या नटीवर रंगाची चाचणी घ्यायची ठरली. फिलिप्सनं तिला हिरवं रंगवलं, चित्रण केलं, फिल्म प्रयोगशाळेत धुवायला गेली. परत आली तर बाई नेहमीच्या गोऱ्या रंगाची. त्यांना वाटलं, रंग कमी पडला. दुसऱ्या खेपेला आणखी गडद लावला. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला तर ती पाल्यासारखी हिरवी करून पाठवली, तरी पडद्यावर गोरीच. शेवटी उलगडा झाला. प्रयोगशाळेतल्या माणसाला वाटत होतं की छायाचित्रणात काहीतरी घोटाळा आहे, म्हणून तो बिचारा प्रत्येक वेळी मान मोडून रंग दुरुस्त करत बसला होता! मी हे वाचलं तेव्हा पोट धरून हसलो. आमच्याकडे प्रयोगशाळेचं काम प्रकाशयोजनाकार करतो. आपण तासभर खपून गालावर लाली चढवावी आणि त्यानं लाल जिलेटिनचा दिवा मारून ती खाऊन टाकावी. प्रत्यक्ष भागात ती हिरवी नर्तकी झाली सुझन ऑलिव्हर, आणि तिचा हिरवा रंग पडद्यापर्यंत सुखरूप पोचला.

रंगाचं दुसरं प्रकरण स्पॉकचंच. रॉडनबेरीला तो मुळात लालसर कातडीचा हवा होता. पण १९६६ साली अमेरिकेतही बहुतेक घरांत कृष्णधवल टीव्ही होते, आणि कृष्णधवल पडद्यावर लाल रंग काळा दिसतो. म्हणून पिवळट छटा ठरली. आमच्याकडे तर रंगीत प्रक्षेपण सुरू झालं तेच १९८२ मध्ये, आणि चाळीपर्यंत रंगीत संच पोचायला आणखी काही वर्षं गेली. त्यामुळे एंटरप्राइझ यानावरचे गणवेश आम्हाला सगळे राखाडीच. कप्तानाचा सोनेरी, शास्त्रज्ञांचा निळा, यंत्रविभागाचा आणि पहारेकऱ्यांचा लाल. लाल सदऱ्याचा अनोळखी माणूस कप्तानाबरोबर ग्रहावर उतरला की तो मरणार, हा जगभरच्या चाहत्यांचा लाडका विनोद आम्हाला फार उशिरा कळला. आणि गंमत म्हणजे कप्तानाचा तो सोनेरी सदरा कपडेपटात टांगलेला असताना सोनेरी नव्हताच. वेशभूषाकार विल्यम वेअर थाइसनं निवडलेलं व्हेलूर हिरवट होतं. दिवे आणि फिल्म यांच्यामधून जाताना ते सोनेरी झालं. हेच कापड प्रत्येक धुलाईला आटायचं, म्हणून भाग जसजसे पुढे जातात तसतसे सदरे अंगाला जास्तच घट्ट बसलेले दिसतात. तिसऱ्या वर्षी थाइसनं वैतागून नायलॉनचं कापड घेतलं.

एक भाग मात्र आमच्या राखाडी टीव्हीवर तसूभरही उणा झाला नाही. जानेवारी १९६९ चा, ‘लेट दॅट बी युअर लास्ट बॅटलफील्ड’. दोन परग्रहवासी एकमेकांचा पाठलाग करत यानावर येतात. दोघांचेही चेहरे मधोमध चिरल्यासारखे अर्धे काळे, अर्धे पांढरे. कप्तान कर्कला कळेना, दोघांत वैर कसलं? तेव्हा एक जण तुच्छतेनं दाखवून देतो की आपण उजवीकडे काळे आहोत आणि तो दुसरा डावीकडे. फ्रँक गॉर्शिन आणि लू अँटोनियो या दोन नटांनी ती भांडणं जीव तोडून केली आहेत. तोंड भाजून काढणाऱ्या दिव्यांखाली केसांपासून नाक, ओठ, हनुवटीवरून खाली उतरणारी ती रेघ दिवसभर सरळ ठेवायची म्हणजे काय, हे कुणा रंगभूषाकाराला विचारा. नट बोलला की ओठावरची रेघ हलते, घाम आला की काळा पांढऱ्यात उतरतो. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. टीकाकार म्हणतात, गोष्ट फार ढोबळ आहे. असेल. पण आमच्या चाळीत ती कुणाला समजावून सांगावी लागली नाही. कुणाच्या घरचं पाणी कोण पितं आणि कोण पीत नाही, हे पाहतच आम्ही मोठे झालो होतो.

पैसा या मालिकेकडे कधीच पुरेसा नव्हता. दर आठवड्याला एवढं मोठं यान ग्रहावर उतरवण्याचं चित्रण परवडणार नाही, म्हणून माणसाला एका जागी विरघळवून दुसऱ्या जागी घडवणारं यंत्र आलं. आणि ते विरघळणं दाखवलं कसं, तर प्रखर झोतात ॲल्युमिनियमची भुकटी उडवून आणि ती चमचम नटाच्या आकृतीवर छापून. पहिल्याच भागात मिठाला हपापलेला एक प्राणी आहे. त्यासाठी प्रॉपर्टीवाल्यानं दुकानातून भविष्यकाळात शोभतील अशा तऱ्हेवाईक आकाराच्या मीठदाण्या आणल्या. मग शंका आली, या मीठदाण्या आहेत हे प्रेक्षकाला कळणारच नाही. म्हणून साध्या मीठदाण्या वापरल्या आणि त्या तऱ्हेवाईक मीठदाण्या फेकून न देता डॉक्टर मॅकॉयच्या हातात दिल्या. डीफॉरेस्ट केली तीन वर्षं त्या रोग्याच्या छातीवरून फिरवत राहिला आणि रोगी बरे होत राहिले. आपोआप सरकणारे दरवाजे भिंतीमागे उभी असलेली बॅकस्टेजची माणसं हातानं ओढत. खूण चुकली की नट थेट दारावर आपटायचा.

यानाची मोठी प्रतिकृती अकरा फुटांची. आराखडा मॅट जेफरीजचा, जो स्वतः विमानं उडवायचा. आज ती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयात दिमाखात ठेवली आहे. पण चित्रण एकाच बाजूनं व्हायचं, म्हणून दुसऱ्या बाजूचं काम पुरं केलंच नव्हतं, तिथून दिव्यांच्या वायरी बाहेर यायच्या. नाटकाच्या फ्लॅटला मागून बघावं तशी ती बाजू. नायकाच्या हातातलं उघडमीट करणारं संदेशयंत्र आणि खांद्याला अडकवायची तपासपेटी घडवली वा चँग या पोलिओतून उठलेल्या, पायांना आधारपट्ट्या बांधून चालणाऱ्या कलावंतानं.

पैशाअभावी माझ्या धंद्यातली माणसं काय युक्त्या काढतात, त्याचा नमुना म्हणजे डिसेंबर १९६६ चा ‘बॅलन्स ऑफ टेरर’. यात रोम्युलन नावाचे शत्रू प्रथमच दिसतात, आणि ते हुबेहूब स्पॉकच्या जातकुळीचे निघतात. म्हणजे सगळ्यांना टोकदार कान हवेत. इतके कान भाजणार कोण आणि चिकटवणार कोण? शिपायांच्या डोक्यावर कान झाकणारी शिरस्त्राणं चढवली. कान फक्त मोजक्या मुख्य नटांना. आता बघा, हीच काटकसर गोष्टीला कशी फळली. रोम्युलन सेनापतीचा कान पहिल्यांदा दिसतो तो थेट एंटरप्राइझच्या पडद्यावर, आणि यानावरची सगळी डोकी एकाच वेळी स्पॉककडे वळतात. एक तरुण अधिकारी तर त्याला गद्दारच ठरवून मोकळा होतो. सेनापतीचं काम करणारा मार्क लेनार्ड इतका जबरदस्त होता की पुढच्याच वर्षी त्याला स्पॉकचा बाप म्हणून परत आणला. वयानं तो निमॉयहून जेमतेम साडेसहा वर्षांनी मोठा. केस पांढरे केले, चालण्यात भारदस्तपणा आणला, झाला बाप.

आता नटांकडे वळतो, कारण रंगभूषाकार निम्मंच काम करतो, उरलेलं निम्मं खुर्चीतून उठल्यावर नट करतो.

निमॉय बोस्टनचा. युक्रेनमधून आलेल्या ज्यू कुटुंबात १९३१ साली जन्मलेला, बापाचं केशकर्तनालय. नाटकाच्या नादानं घर सोडलं, यिडिश रंगभूमीवर कामं केली, टॅक्सी चालवली. लहानपणी सिनेगॉगमध्ये पुरोहित आशीर्वाद देत तेव्हा सगळ्यांनी डोळे झाकायचे असत. पोरानं झाकलेल्या डोळ्यांतून चोरून पाहिलं, तर पुरोहितांनी हात पुढे करून बोटांच्या दोन-दोनच्या जोड्या फाकवलेल्या. १९६७ च्या ‘अमॉक टाइम’ या भागात स्पॉक आपल्या ग्रहावर जातो, तेव्हा तिथल्या लोकांची अभिवादनाची काहीतरी रीत हवी असं निमॉयला वाटलं आणि त्यानं ती मुद्रा सुचवली. समोर होती सीलिया लोव्स्की ही जुनी व्हिएन्नाची नटी. तिची बोटं काही केल्या फाकेनात. मग कॅमेऱ्याच्या चौकटीखाली दुसऱ्या हातानं बोटं जुळवून घ्यायची आणि तसाच हात वर उचलायचा, असं तिनं केलं. पडद्यावर ती राजमातेच्या थाटात अभिवादन करते, कुणाला शंका येत नाही.

स्पॉक मानेला चिमटा काढून माणसाला बेशुद्ध करतो, तेही निमॉयचंच डोकं. ‘द एनिमी विदिन’ या भागात कर्कची दोन माणसं होतात, एक सज्जन, एक दुष्ट. संहितेत स्पॉकनं दुष्ट कर्कच्या डोक्यात पिस्तुलाचा दस्ता हाणायचा होता. निमॉय म्हणाला, इतक्या सुधारलेल्या ग्रहाचा माणूस असली गुंडगिरी करणार नाही. त्यानं शॅटनरला बाजूला घेऊन चिमट्याची कल्पना सांगितली. पण चिमटा गाजला तो शॅटनर ज्या तऱ्हेनं ताठरून कोसळला त्यामुळे. रंगमंचावर मारणाऱ्यापेक्षा मार खाणाराच मार खरा करतो. याच भागात माझ्या आवडीचं एक बारीक काम आहे. दुष्ट कर्कच्या गालावर नखांचे ओरखडे आहेत, आणि ओळखू येऊ नये म्हणून तो आरशासमोर उभा राहून ते रंगानं झाकतो. म्हणजे फिलिप्सनं आधी ओरखडे काढले आणि मग पात्राच्या हातून त्यावर रंगभूषा करवली!

निमॉयला जेवणाच्या सुट्टीतही घाई, कारण परत आल्यावर टचअपला वेळ लागायचा. म्हणून त्यानं उपाहारगृहात लवकर पोचायला सायकल घेतली. शॅटनरनं ती लपवून ठेवण्याचा उद्योग सुरू केला. कधी स्वतःच्या खोलीत कुत्र्याच्या पहाऱ्यात, कधी थेट स्टुडिओच्या छताला टांगून. निमॉय दोरखंडाकडे बघत उभा, कान लावलेले, पोटात कावळे. या किश्श्याची पुढे दोघांनाही उजळणी करायला आवडायची.

मुख्य अभियंता स्कॉटी म्हणजे कॅनडाचा जेम्स डूहन. निवडीच्या वेळी त्यानं बरेच उच्चार करून दाखवले आणि म्हणाला, अभियंता म्हणजे स्कॉटिशच हवा. ६ जून १९४४ रोजी तो कॅनडाच्या सैन्यातून नॉर्मंडीच्या जुनो किनाऱ्यावर उतरला होता. त्या रात्री आपल्याच बाजूच्या गोळ्या लागून त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट गेलं. छातीवरची गोळी सिगारेटच्या डबीनं अडवली. मालिकेत तो हात तो शिताफीनं लपवतो. रंगभूषेनं बोट करता येतं, पण त्यानं अभिनयानं काम भागवलं.

जॉर्ज टाकेई पाच वर्षांचा असताना, १९४२ मध्ये, अमेरिकन सरकारनं जपानी वंशाच्या सुमारे एक लाख वीस हजार लोकांना छावण्यांत डांबलं, त्यात त्याचं कुटुंब होतं. आधी सांता अनिता या रेसकोर्सच्या तबेल्यात, मग आर्कान्सामध्ये काटेरी तारांमागे. तोच पोरगा मोठा होऊन सुलू म्हणून यानाच्या सुकाणूवर बसला. ‘द नेकेड टाइम’ या भागात सुलू वेडाच्या झटक्यात तलवार घेऊन धावतो. लेखकाच्या मनात सामुराईची तलवार होती. टाकेईनं सांगितलं, मी लहानपणी रॉबिन हूडच बघत वाढलो, मला फेन्सिंगची तलवार द्या. आणि घाम गाळून तो फेन्सिंग शिकला.

निशेल निकोल्स मूळची गायिका, ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाबरोबर गायलेली. पहिल्या वर्षानंतर ती मालिका सोडणार होती. एका समारंभात मार्टिन ल्यूथर किंग भेटले. त्यांनी आपण तिचे चाहते असल्याचं सांगितलं आणि ती जागा सोडू नकोस म्हणून बजावलं, ही हकीकत तिनं अनेकदा सांगितली आहे. ती राहिली. १९७७ मध्ये नासानं तिलाच स्त्रिया आणि अल्पसंख्याक उमेदवार मिळवायच्या मोहिमेवर घेतलं. १९७८ साली निवडलेल्या ३५ जणांच्या तुकडीत सहा स्त्रिया होत्या, गायन ब्लूफर्ड आणि रोनाल्ड मॅकनेर यांच्यासारखे कृष्णवर्णीय होते. यानावर दूरध्वनी चालकिणीसारखं कानात यंत्र घालून बसलेल्या तिच्या पात्राची ही पुढची मजल.

वॉल्टर केनिग आला दुसऱ्या वर्षी, तरुण पोरींना आवडेल असा रशियन म्हणून. त्याचे स्वतःचे केस तोवर पुरेसे वाढले नव्हते, म्हणून सुरुवातीच्या भागांत त्याला टोप घातला. तो टोप मला दिसतो. तुम्हीही नीट पाहिलंत तर दिसेल.

आणि मग ‘द डेडली इयर्स’, डिसेंबर १९६७. किरणोत्सर्गानं कर्क, स्पॉक, मॅकॉय, स्कॉटी झपाट्यानं म्हातारे होत जातात. रंगभूषाकाराची खरी परीक्षा म्हातारपण. सुरकुती रंगवणं सोपं, पण टप्प्याटप्प्यानं वाढवणं कठीण. शॅटनर सांधे धरून आखडतो, तेवढं बरं. केलीनं मात्र कमाल केली आहे. तो जॉर्जियाचा, बाप्टिस्ट पाद्र्याचा मुलगा. जसजसा म्हातारा होतो तसतसे त्याच्या बोलण्यात दक्षिणेतले हेल वाढत जातात, शेवटी खेड्यातला कुरकुऱ्या डॉक्टरच उरतो. फिलिप्सनं बाहेरून चेहरा रंगवला आणि केलीनं आतून आवाज. हेच नट पुढे खरोखर म्हातारे झालेले आपण पाहिले, तेव्हा अंदाज किती चुकले ते कळलं. १९६७ चा म्हातारा स्कॉटी सुकलेला दाखवला होता. खरा म्हातारा डूहन गुटगुटीत आणि झुपकेदार मिशांचा निघाला.

भारताचा संबंधही मजेशीर आहे. फेब्रुवारी १९६७ च्या ‘स्पेस सीड’मध्ये खान नूनियन सिंग नावाचा खलनायक येतो. तो उत्तर भारतातला शीख असावा असा तर्क पात्रं करतात. नावात खान आणि सिंग एकत्र, दाढी नाही, पगडी दिसते ती फक्त एका चित्रात. आणि काम करणारा रिकार्डो मोंटलबान मेक्सिकोत जन्मलेला. आमच्या खोलीत सगळे हसले. पण मोंटलबान नुसता उभा राहिला की खोली गप्प व्हायची. १९८२ च्या चित्रपटात त्याला परत बोलावलं ते उगाच नाही.

दुसऱ्या वर्षाअखेर मालिका बंद होणार अशी कुणकुण लागली. तेव्हा बिजो ट्रिंबल आणि त्यांचे पती जॉन यांनी पत्रमोहीम उभारली, कॅलटेकचे विद्यार्थी एनबीसीच्या दारात मशाली घेऊन गेले. तिसरं वर्ष मिळालं, पण शुक्रवारी रात्री दहाची वेळ, जेव्हा या मालिकेचा तरुण प्रेक्षक घरातच नसतो. पैसे आणखी कापले. जून १९६९ मध्ये, ७९ भागांनंतर, खेळ संपला. गाजली ती नंतर, छोट्या वाहिन्यांवरच्या पुनर्प्रक्षेपणांतून. आमच्यापर्यंत पोचली तीही त्याच शिळ्या डब्यांतून. नटांना मात्र त्या पुनर्प्रक्षेपणांचे पैसे लवकरच मिळेनासे झाले, आणि त्याच चेहऱ्यांमुळे दुसरी कामंही मिळेनात.

१९७९ मध्ये मोठ्या पडद्यावर चित्रपट आला आणि त्यात आमची एक मुंबईकर. पर्सिस खंबाटा, १९६५ ची मिस इंडिया, पारशी घरातली. तिनं परग्रहावरच्या इलियाचं काम केलं, आणि त्यासाठी डोक्यावरचे सगळे केस उतरवले. टक्कल दाखवायला आम्ही डोक्यावर रबराची टोपी चढवतो, ती कानामागे हमखास सुटते. या बाईनं तो प्रश्नच ठेवला नाही. रंगभूषेला पुन्हा फ्रेड फिलिप्सच होता, हाताखाली त्याची मुलगी जॅना. क्लिंगॉन नावाच्या शत्रूंना या वेळी कपाळावर हाडांचे उंचवटे मिळाले. १९६७ मध्ये जॉन कॉलिकोस या नटानं फिलिप्सबरोबर बसून चंगेजखानावरून बेतलेलं जे रूप काढलं होतं, त्यात फक्त गडद रंग, भुवया आणि दाढी-मिशी होती. आता पैसा होता, तर कपाळ आलं. पण मला विचाराल तर कॉलिकोसचा क्लिंगॉन जास्त धोकादायक वाटतो. रबर नसल्यामुळे त्याच्या चेहऱ्याचा प्रत्येक स्नायू काम करतो.

आमच्या धंद्यात एक गोष्ट फार लवकर कळते. प्रेक्षक खोट्या कानाला कधीच नावं ठेवत नाही, नटाचा त्या कानावर विश्वास नसेल तर ठेवतो. ‘स्टार ट्रेक’मधली यंत्रं आज लहान पोरालाही खेळणी वाटतील. पण तीन वर्षं मीठदाणीनं रोगी तपासताना केलीच्या डोळ्यांत एकदाही हसू दिसत नाही, म्हणून तो दवाखाना अजून चालू आहे.

कुणी विचारतं, काका, आता कुठून सुरुवात करू? मी सांगतो, आधी ‘बॅलन्स ऑफ टेरर’ बघ. मग तो अर्ध्या-अर्ध्या चेहऱ्यांचा भाग, आणि तो बघताना टीव्हीचा रंग काढून टाक. त्यानंतर मार्च १९६७ चा ‘द डेव्हिल इन द डार्क’. त्यात खाणीत माणसं मारणारा एक दगडी प्राणी आहे. यानोस प्रोहास्का या हंगेरीत जन्मलेल्या कसरतपटूनं रबराची एक गोधडीवजा वस्तू बनवली, ती पांघरून तो निर्मात्यांसमोर रांगत गेला आणि निर्माता जीन कूननं त्यावरून गोष्ट रचली. याच भागाच्या चित्रणात शॅटनरला वडील गेल्याची खबर आली आणि तरी त्यानं त्या दिवसाचं काम पुरं केलं. निमॉय त्या रबरावर दोन्ही हात टेकवून आई होऊ पाहणाऱ्या त्या प्राण्याची वेदना स्वतःच्या तोंडून ओरडतो. बघून त्या रबराची दया आली, तर पुढचे सगळे भाग तुझे. नाही आली, तर खुशाल दुसरं काही लाव.